बेगमीचे गणित: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

शहराच्या अन्नपाण्याचे नियोजन गणिताच्या आधारे कसे केले जाते, यासंबंधी प्रश्न पाठवावेत असे आवाहन या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे पाण्याविषयी, तीही मुंबई आणि तिच्या आसपासची आहेत, त्यामुळे उत्तरांचा तोलही साहजिकच तिकडे झुकला आहे. उत्तरांत 'प्रतिमान' हा शब्द वारंवार येईल. बोलताना आपण ज्याला मॉडेल म्हणतो तेच हे, आणि त्याचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. मृगाच्या आधी घरात तांदूळ, डाळी, मिरची, सुकी मासळी आणि सरपण यांची बेगमी होत असे, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या डोक्यात हेच प्रतिमान चालू असे: खाणारी तोंडे किती, महिने किती, आला-गेला किती आणि उंदीर-पोरकिड्यांच्या वाट्याचे किती.

प्रश्न: सातही तलाव काठोकाठ भरल्याची बातमी वाचून आम्ही निर्धास्त होतो. मग मे महिना आला की पुन्हा टंचाईची भाषा का सुरू होते? इतके पाणी जाते कुठे?
(एक वाचक, मुलुंड)

पाणी कुठेही जात नाही, ते आपण वापरतो. ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांची एकत्रित उपयुक्त साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. शहराचा रोजचा पुरवठा ठोकळमानाने ३,८५० दशलक्ष लिटर धरला, तर भागाकार ३७६ दिवसांचा येतो. म्हणजे काठोकाठ भरलेले सात तलाव ही केवळ एका वर्षाची शिदोरी आहे, आणि तिच्यात पुढच्या वर्षासाठी जवळजवळ काहीच उरत नाही.

प्रतिमानाची पहिली ओळ कोणत्याही वाण्याच्या खतावणीत शोभेल अशी असते: उद्याचा साठा म्हणजे आजचा साठा, अधिक आलेले पाणी, वजा दिलेले पाणी, वजा बाष्पीभवन, वजा सांडव्यावरून वाहून गेलेले पाणी. जून-जुलैत पावसाने पूर्ण दडी मारली असे धरून १ ऑक्टोबर ते ३१ जुलै या ३०४ दिवसांचा हिशेब मांडला, तर गरज ११,७०,४०० दशलक्ष लिटरची निघते. १ ऑक्टोबरला तलाव पूर्ण भरलेले असतील, तर हा काळ निभावून काही पाणी शिल्लक राहते. साठा ८५ टक्के असेल, तर सुमारे ६०,००० दशलक्ष लिटर उरतात आणि त्यातलाही मोठा भाग ऊन पिऊन टाकते, कारण एक चौरस किलोमीटर जलपृष्ठावरून एक मिलिमीटर पाणी उडाले की दहा लाख लिटर गेलेले असतात. साठा ८० टक्के असेल, तर बाष्पीभवन धरण्याआधीच हिशेब तुटीत जातो.

जाता जाता बातम्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. 'तुळशी ओसंडून वाहू लागला' हा मथळा दर पावसाळ्यात येतो आणि छायाचित्रही सुंदर असते, पण तुळशीत शहराचे दोन दिवसांचे पाणी मावते. १८६० च्या सुमारास बांधून झालेल्या विहार तलावात सात दिवसांचे मावते. एकट्या भातसा धरणात मात्र सगळ्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी असते. कुलाब्याला पाऊस किती पडला याच्यापेक्षा शहापूर, मोखाडा आणि इगतपुरीच्या डोंगरात किती पडला, हे आपल्या नळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तिथेही जूनमधली पहिली पावसे तापलेली जमीन शोषून घेते. जमीन भिजून तृप्त झाली की मगच पाणी तलावाकडे वाहू लागते, म्हणून पाऊस दुप्पट झाला की आवकही दुप्पट होते असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब इथे चालत नाही.

साठा पुरेल की नाही हे तपासण्याची रीत जुनी आहे. डब्ल्यू. रिप्पल या अभियंत्याने १८८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत नदीला गेल्या अनेक वर्षांत आलेल्या पाण्याची चढती बेरीज आलेखावर काढतात, तिच्याशेजारी मागणीची रेषा ठेवतात आणि दोहोंमधले सर्वांत मोठे अंतर मोजतात. तेवढी साठवण असेल, तर तो सगळा काळ निभावता आला असता, असा त्याचा अर्थ होतो. आज संगणक हेच काम हजारो संभाव्य पावसाळे रचून करतो. फक्त ते पावसाळे पत्त्यांसारखे पिसून वाटेल त्या क्रमाने लावले, तर उत्तर फसवे येते. हर्स्ट या अभ्यासकाने नाईल नदीच्या दीर्घकालीन नोंदी तपासून १९५१ मध्ये दाखवून दिले की कोरडी वर्षे बहुधा कोरड्या वर्षांच्याच सोबतीने येतात. दुष्काळ एकटा येत नाही हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊकच होते.

प्रश्न: २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली, आणि जुलै संपता संपता ती मागेही घेतली गेली. पुढे पाऊस चांगला झालाच. मग कपात केली ती चूकच नव्हती का? आणि करायची होती, तर इतक्या उशिरा का?
(एक वाचक, गोरेगाव)

आपण एकाच पत्रात दोन परस्परविरुद्ध तक्रारी केल्या आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत. म्हणूनच या प्रश्नाला जरा जागा देतो.

समजा, वर्षभरात ३८,५०० दशलक्ष लिटर, म्हणजे दहा दिवसांचे पाणी वाचवायचे आहे. ५ टक्के कपात २०० दिवस करा, १० टक्के कपात १०० दिवस करा किंवा २० टक्के कपात ५० दिवस करा, वाचणारे पाणी नेमके तेवढेच. तलावाला तिन्ही मार्ग सारखे, पण माणसांना सारखे नाहीत. पहिल्या पाच टक्क्यांत गाडी धुणे थांबते आणि जिना पुसून घेतला जातो, पुढच्या पाचांत धुणे एक दिवसाआड होते, आणि वीस टक्क्यांपर्यंत गेलो की कुणाला तरी टँकर विकत घ्यावा लागतो आणि कुणाला तरी मुलीला शाळेतून काढून रांगेत उभी करावी लागते. त्रास कपातीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो.

हा वेग मांडण्यासाठी त्रास हा कपातीच्या वर्गाइतका असतो असे धरू. मग पहिल्या मार्गाचा त्रास ५ चा वर्ग गुणिले २००, म्हणजे ५,००० येतो, दुसऱ्याचा १०,००० आणि तिसऱ्याचा २०,०००. यावरून कपात लवकर आणि हलकी असावी, असा निष्कर्ष निघतो. मात्र त्यात एक मेख आहे. लवकर केलेल्या कपातीचा त्रास नक्की सोसावा लागतो, आणि नंतरच्या कडक कपातीचा त्रास पावसाने दगा दिला तरच सोसावा लागतो. पावसाने दगा देण्याची शक्यता चारात एक असेल, तर थांबण्याचा अपेक्षित त्रासही २०,००० चा चौथा हिस्सा, म्हणजे ५,००० होतो आणि दोन्ही पारडी समान होतात. शक्यता त्याहून अधिक असेल, तर आधीच हात राखून खर्च करावा. दहात एकच असेल, तर थांबणे शहाणपणाचे. पाऊस नंतर चांगला झाला एवढ्यावरून आधीचा निर्णय चुकीचा ठरत नाही, कारण निर्णय घेताना हातात असते ती शक्यता, आणि निकाल कळतो तो नंतर.

आता खरी गंमत पाहा. त्रास वर्गाइतका असतो हे मी गृहीत धरले. त्याऐवजी तो घनाइतका असतो असे धरले, तर लवकरच्या कपातीचा त्रास २५,००० आणि उशिराच्या कपातीचा ४,००,००० येतो, आणि पारडी समान होण्याचा बिंदू चारात एकवरून सोळात एकवर घसरतो. म्हणजे दगा होण्याची शक्यता अगदी थोडी असली तरी आधीच कपात करणे योग्य ठरते. वर्ग घ्यायचा की घन, हे गणित सांगत नाही. गच्चीवर मोठी टाकी असलेल्या इमारतीचा त्रास मोजला, तर वक्र सपाट येतो आणि चार हंड्यांवर दिवस काढणाऱ्या घराचा मोजला, तर तो उभा चढतो. प्रतिमानात कोणाचा त्रास लिहिला आहे, हे कपात जाहीर करताना सहसा सांगितले जात नाही. सांगितले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: कपात १० टक्के जाहीर होते, पण आमच्या टेकडीवरच्या वस्तीत त्या दिवसांत निम्मेही पाणी येत नाही. तक्रार केली, की 'सर्वांना सारखीच कपात आहे' असे उत्तर मिळते. खोटे कोण बोलते आहे?
(एक वाचिका, घाटकोपर)

कदाचित कोणीच नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळ येते. ते सुटल्याबरोबर आधी रिकाम्या जलवाहिन्या भराव्या लागतात, आणि पाणी शेवटच्या टोकाला, त्यातही चढावर, सर्वांत उशिरा पोहोचते. उदाहरणादाखल असे धरा की पाण्याची वेळ १२० मिनिटांची आहे आणि आपल्या नळापर्यंत दाब पोहोचायला ९० मिनिटे लागतात. म्हणजे आपल्याला ३० मिनिटे मिळतात. १० टक्के कपातीत चावीवाला वेळ १२ मिनिटांनी कमी करतो. वाहिनीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीचे १२० पैकी १२, म्हणजे १० टक्के गेले, आणि आपल्याकडचे ३० पैकी १२, म्हणजे ४० टक्के गेले. जाहीर कपात दोघांना सारखीच आणि सोसायची कपात चौपट. सरासरी काढली, तर तिच्यात आपली वस्ती कुठे दिसणारच नाही.

दाबाचे गणितही टोकाच्या माणसाच्या विरोधात जाते. वाहिनीत घर्षणामुळे जो दाब खर्ची पडतो तो प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट झाला, तर दाबाची तूट सुमारे साडेतीनपट होते. पाणी येण्याची वेळ कमी झाली की प्रत्येक जण एकदम नळ उघडतो, काही जण बेकायदा पंप लावून ओढतात, प्रवाह वाढतो आणि वरच्या वस्तीपर्यंत पोहोचण्याइतका दाब उरतच नाही. नळजाळ्यातल्या प्रत्येक फाट्यावर दाब आणि प्रवाह किती असेल हे हाताने काढण्याची रीत हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये दिली. आज हेच काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये तयार केलेली एपानेट ही संगणकप्रणाली विनामूल्य करते, आणि जगभरचे अभियंते ती वापरतात. पण ती वाहिन्या सदैव भरलेल्या आहेत असे गृहीत धरून चालते. आपल्याकडे त्या दिवसातून बराच काळ रिकाम्या असतात. बाहेरून आणलेले प्रतिमान जसेच्या तसे लावले, की पडद्यावर आपल्या वस्तीला पुरेसा दाब दिसतो आणि नळाला मात्र नुसती हवा येते.

यावरचा उपाय प्रतिमानातच आहे. कपात मिनिटांत न मोजता शेवटच्या टोकाला मिळणाऱ्या पाण्यात मोजावी, टोकाच्या वस्त्यांची वेळ कमी न करता तोंडाशी असलेल्यांची करावी, आणि हिशेब जुळवताना त्या भागातल्या चावीवाल्याला शेजारी बसवावे, कारण कोणती चावी किती आटे फिरवली की कुठल्या गल्लीत पाणी चढते, हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते. तूट वाटून घेण्याची कल्पना आपल्याला परकीही नाही. धुळे-नाशिकच्या पांझरा-मोसम खोऱ्यांतल्या फड पद्धतीत पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचा एक भाग, पडीक ठेवला जाई, आणि शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने तुटीचा वाटा थोडाथोडा सगळ्यांच्या पदरी येई.

प्रश्न: भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात आहेत. आमच्या पाड्यावर मार्चपासून टँकर येतो. मुंबईच्या गणितात आम्ही कुठे आहोत?
(एक वाचक, शहापूर तालुका)

बहुधा कुठेच नाही. तिथे आपण फक्त पाणलोट क्षेत्र म्हणून आहात.

प्रत्येक प्रतिमानाला हद्द आखावी लागते, आणि शहराचे नियोजन करणारा माणूस ती शहराच्या वेशीवर आखतो. हद्दीच्या आत मागणी असते, बाहेर केवळ आवक. एकदा अशी रेघ ओढली की पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असली तरी आपला पाडा उत्तरात येऊ शकत नाही, कारण तो प्रश्नातच नव्हता.

तो प्रश्नात घातला, तर काय होते ते पाहू. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचे आहे. धरणांच्या परिसरातली एक लाख माणसे धरली, तर त्यांना रोज साडेपाच दशलक्ष लिटर लागतील. शहराच्या ३,८५० दशलक्ष लिटरांचा हा बरोबर सातशेवा हिस्सा आहे. 'आधी या लाख माणसांचे ५५ लिटर, मग बाकीचे' अशी अट प्रतिमानात घातली, तर शहराला वर्षाकाठी जेमतेम अर्ध्या दिवसाच्या पाण्याइतकी झळ बसते. एखादी अट घातल्याने बाकीच्यांना किती किंमत मोजावी लागते हे काढणे, हे या शास्त्राचे एक नेहमीचे काम आहे, आणि इथे ती किंमत नगण्य येते. तेव्हा 'पाणी पुरणार नाही' हे कारण टिकत नाही. खरा खर्च पाणी धरणातून वर पाड्यापर्यंत चढवण्याचा, विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत वाहिन्या नेण्याचा आणि त्या योजनेचे वीजबिल वर्षानुवर्षे भरण्याचा आहे. तो किती येतो आणि कोणी भरायचा हा पैशांचा आणि इच्छेचा प्रश्न आहे, आणि तो पाण्याच्या तुटीआड लपवू नये.

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनने २०१८ मध्ये 'शून्य दिवस' जाहीर केला होता. तो आलाच नाही. मग एवढ्या मोठ्या शहराचे प्रतिमान सपशेल फसले असेच म्हणायचे ना?
(एक वाचक, पुणे)

माझ्या मते ते फसले नाही. केपटाउनला पाणी देणाऱ्या सहा मोठ्या धरणांतला एकूण साठा १३.५ टक्क्यांवर आला की बहुतेक भागांतले नळ बंद करायचे आणि माणशी रोज २५ लिटर पाणी सुमारे २०० केंद्रांवर रांगेत द्यायचे, असे ठरले होते. तो दिवस म्हणजे शून्य दिवस. २०१५, २०१६ आणि २०१७ असे सलग तीन पावसाळे कमी गेले होते, आणि २०१८ च्या आरंभी ही तारीख १२ एप्रिल अशी सांगितली गेली. १ फेब्रुवारीपासून माणशी ५० लिटरांची मर्यादा आली, नळातला दाब कमी केला गेला, शेतीच्या पाण्याचा वाटा संपल्याने धरणांवरचा तो भार उतरला, शेतकऱ्यांच्या एका संस्थेने आपल्या धरणांतले पाणी शहराला सोडले, आणि २०१५ मध्ये रोज सुमारे १,२०० दशलक्ष लिटर वापरणारे शहर त्याच्या निम्म्याच्या खाली आले. तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि हिवाळी पाऊस येऊन पोहोचला.

ग्रहणाची वेळ आपण ऐकली न ऐकली तरी ग्रहण व्हायचे ते होतेच. पाण्याच्या भाकिताचे तसे नाही. 'वापर असाच राहिला तर' ही त्याची पहिली अट असते, आणि भाकीत ऐकल्यावर लोक नेमकी तीच अट मोडतात. खरा आक्षेप घ्यायचा तर दुसरीकडे घ्यावा लागेल: तारखेची भीती घालून मिळवलेली काटकसर दुसऱ्यांदा तेवढीच मिळेल का, आणि झोपडवस्तीतली माणसे तर आधीपासूनच सार्वजनिक नळाच्या रांगेत उभी असताना हा 'शून्य दिवस' नक्की कोणाचा होता?

प्रश्न: २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले. तो उपाय खरोखर उपयोगी होता की केवळ देखावा?
(एक वाचक, लातूर)

भागाकार करून पाहू. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी सुरू झाली. आधी दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांहून थोडी अधिक होती. रोज एक खेप धरली, तर माणशी साडेसहा लिटर येतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला ते कसेबसे पुरतात, आंघोळ, धुणे आणि शौचालय यांना नाही. म्हणून देखावा म्हणणे अन्यायाचे आहे आणि पाणीपुरवठा म्हणणे अतिशयोक्तीचे. मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर पाणी आणण्याची वेळ येण्याआधी, मांजराचा साठा उतरत असतानाच्या दोन वर्षांत कोणत्या महिन्यात काय ठरवायला हवे होते, याचा हिशेब मांडला, तर तो जास्त बोधप्रद होईल.

प्रश्न: पाण्याचे समजले. पण कांद्याचे काय? दर दोन-तीन वर्षांनी भाव आकाशाला भिडतात, मग एकदम कोसळतात. इतके संगणक असताना मुंबईला रोज किती कांदा, भाजी, दूध लागते याचे गणित आधीच का करता येत नाही?
(एक वाचिका, डोंबिवली)

किती लागते हे काढणे सोपे आहे. ते कोणाकडे, किती आणि कुठल्या अवस्थेत आहे हे काढणे कठीण आहे. मुंबईचे पाणी सात तलावांत आहे आणि त्याची पट्टी रोज सकाळी वाचता येते. मुंबईचे धान्य, भाजी आणि कांदा वाशीच्या बाजार समितीतल्या गाळ्यांत, वाटेवरच्या ट्रकमध्ये, नाक्यावरच्या किराणा दुकानांत आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या टोपलीत विखुरलेला आहे. त्याला एक मालक नाही आणि एक पट्टीही नाही.

अन्नाच्या बाबतीत गणिताचा पहिला मोठा प्रयोग आहारावरच झाला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये ७७ पदार्थ आणि ९ पोषणघटक घेऊन एका माणसाला वर्षभर पुरणारा सर्वांत स्वस्त आहार काढला. १९३९ च्या भावांनी तो ३९.९३ डॉलरमध्ये बसला. त्यात होते गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या नव्या पद्धतीने हेच गणित पुन्हा केले गेले, तेव्हा हातयंत्रांवर नऊ जणांचे मिळून १२० मनुष्यदिवस खर्ची पडले आणि उत्तर २४ सेंटने खाली आले. इतके करूनही वर्षभर कोबी आणि घेवडा कोण खाणार, हा प्रश्न उरलाच. चव ही अट समीकरणात लिहिलेली नव्हती. आपल्या वरण-भातावरच्या लिंबाच्या फोडीची किंमत कोणत्याही स्वस्त आहाराच्या गणितात बसत नाही, पण ती काढून टाकून पाहावी!

आता कांदा. रब्बीचा कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि शेतकऱ्याच्या कांदा चाळीत पडतो. खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सगळ्या देशाला त्याच्यावर भागवावे लागते. तलाव आटतो तशी चाळही आटते, फक्त इथले बाष्पीभवन म्हणजे सड, कोंब आणि वजनातली घट. महिन्याला ५ टक्के घट धरली, तर सहा महिन्यांनी १०० क्विंटलांचे ७३ उरतात. १० टक्के धरली, तर ५३. एप्रिलमध्ये भरलेल्या चाळी पाहून केलेला अंदाज सप्टेंबरात कोसळतो तो या एका आकड्यापायी, आणि तो आकडा त्या वर्षीच्या दमट हवेवर अवलंबून असतो. त्यातच परतीच्या पावसाने खरिपाचा कांदा शेतात भिजला, की दोन पिकांमधली फट रुंदावते आणि भाव उसळतो.

भावाचा हा झोका समजावणारे एक प्रतिमान अर्थशास्त्रात गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून आहे. आलेखावरच्या आकृतीमुळे त्याला कोळ्याच्या जाळ्याचे नाव मिळाले. शेतकरी यंदाच्या भावाकडे पाहून पुढची लागवड ठरवतो, माल येतो तो काही महिन्यांनी. भाव चढा असताना सगळेच लावतात, माल एकदम येतो, भाव पडतो, पुढच्या खेपेला कोणीच लावत नाही, आणि पुन्हा भाव चढतो. यात कोणी मूर्ख नाही आणि कटही नाही, केवळ माहिती उशिरा पोहोचते.

सरकार राखीव साठा करून हा झोका आवरू पाहते. २०२३ मध्ये त्याचे उद्दिष्ट तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेले गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक भागातून १,६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला, म्हणजे सोळा लाख घरांना किलोकिलोचा. पण त्याच २०२३ मध्ये ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले आणि डिसेंबरात निर्यातबंदी. शहापूरच्या पत्राच्या उत्तरात जे लिहिले तेच इथेही लिहावे लागते. शहराच्या प्रतिमानात नाशिकचा शेतकरी हा एक नळ आहे, भाव चढला की सोडायचा आणि पडला की विसरायचा. बंदीमुळे पडलेला भाव पुढच्या लागवडीचा निर्णय बदलतो, आणि दोन हंगामांनी त्याचे बिल डोंबिवलीच्या बाजारात येते, हा परतीचा बाण आकृतीत काढलेलाच नसतो.

आपल्या स्वयंपाकघराचाही एक बाण आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळ्यांनी तो पाहिला. 'उद्या मिळेल की नाही' या धास्तीने तीस लाख घरांनी फक्त पाच किलो धान्य जादा घेतले, तर १५,००० टन माल एका दिवसात फळीवरून नाहीसा होतो. तो भरून काढायला दहा टनांचे दीड हजार ट्रक लागतात. देशात धान्याचा तुटवडा नसतो, कोठारे भरलेली असतात, आणि तरी दुकान रिकामे दिसते. ते पाहून शेजारी आणखी पाच किलो घेतो. अशा वेळी 'भरपूर साठा आहे' या घोषणेपेक्षा दुकानदाराला पुढचा ट्रक कोणत्या वारी येणार हे सांगणे अधिक उपयोगी पडते, कारण घर बेगमी करते ती किती दिवसांची, हे त्या उत्तरावर ठरते.

प्रश्न: मी बारावी विज्ञान शाखेत आहे. या विषयात काम करायचे आहे. सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थी, कोल्हापूर)

पुढे संख्याशास्त्र, जलशास्त्र आणि इष्टतमीकरण (दिलेल्या अटींत सर्वांत चांगला पर्याय शोधण्याचे गणित) ही तीन अंगे शिकावी लागतील. त्यासाठी अवकाश आहे. सुरुवात मात्र आपल्या इमारतीच्या टाकीपासून, वही आणि पट्टी घेऊन, आजच करता येईल. पहाटे आणि रात्री टाकीतली पातळी नोंदवा, पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले ते लिहा, आणि दोन आठवड्यांनी वर दिलेला जमाखर्च स्वतः जुळवून पाहा. तो पहिल्या खेपेला जुळणार नाही. का जुळत नाही, ते शोधण्यासाठी एका रात्री, टाकीत पाणी येत नसताना, एक वाजता आणि चार वाजता पातळी मोजा. टाकी चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असेल आणि कोणी पाणी वापरत नसताना पातळी दोन सेंटिमीटर उतरली, तर तीन तासांत २४० लिटर गेले, म्हणजे दिवसाला १,९२० लिटर. आधी प्रत्येक घरातल्या फ्लशच्या टाक्या तपासा, मग जिन्याखालचा पाइप. जे सापडेल ते आम्हाला आकड्यांसह लिहून पाठवा.